सव्वातीन इंचांचं अक्षर

अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकिणींच्या संग्रहालयासमोर एका मोठ्या खडकावर ब्राँझचा एक माणूस उभा आहे. उंच टोपी, वाऱ्यानं फुगलेला पायघोळ झगा, चेहरा करडा. त्याच्यासोबत फोटो काढून घ्यायला झुंबड उडालेली असते आणि त्यातले निम्मेअधिक लोक त्याला चेटक्या समजतात. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी एक आई लेकराला समजावत होती, की बायकांना जिवंत जाळणारा तो हाच. प्रत्यक्षात हा रॉजर कॉनंट. मासेमारीच्या एका फसलेल्या वसाहतीतून माणसं घेऊन आला आणि १६२६ साली त्यानं हे गाव वसवलं. १६९२ साली इथं चेटकिणींचे खटले उभे राहिले त्याच्या तेरा वर्षं आधीच तो वारला होता. आणि सेलममध्ये एकाही बाईला जाळलेलं नाही. फाशी दिली होती. पण टोपी दिसली, झगा दिसला, समोर चेटकिणींची पाटी दिसली, की अर्थ ठरून जातो. कॉनंटसाहेबांची बाजू मांडायला तिथं कोणी नाही.

मी आले होते ती मात्र चेटकिणींसाठी नव्हे, नॅथॅनिएल हॉथॉर्नसाठी. साताऱ्याच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला मी त्याची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी शिकवली. लाल अक्षर म्हणजे पाप, जंगल म्हणजे स्वातंत्र्य, तुरुंगाच्या दारातलं गुलाबाचं झुडूप म्हणजे करुणा, अशी गाइडातली समीकरणं मुलं पाठ करून यायची आणि पेपरात उतरवून पास व्हायची. मला ती समीकरणं खुपत राहिली. ज्या लेखकानं आयुष्यभर एका खुणेला एकच अर्थ चिकटवणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं, त्याच्याच खुणांना आपण एकेक अर्थ चिकटवून गठ्ठे बांधतो, हे काही बरं नव्हे. निवृत्त झाल्यावर वाटलं, तो जिथं लिहीत होता ते गाव एकदा बघून यावं.

भाची सई बोस्टनला असते. नॉर्थ स्टेशनवरून सेलमची लोकल अर्ध्या तासात पोचते. डब्यात टोकदार काळ्या टोप्या, हिरवे रंगवलेले चेहरे आणि एका आजोबांच्या मांडीवर भलामोठा भोपळा. हॅलोविनच्या आधीचे दिवस. सेलमच्या पोलिसांच्या गाडीवरसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण असते. गावात ‘बिविच्ड’ या जुन्या टीव्ही मालिकेतल्या नायिकेचा पुतळाही आहे, २००५ साली बसवलेला, चंद्रकोरीसमोर झाडूवर बसलेला.

“मावशी, हे म्हणजे ज्यांना मारलं त्यांचाच लोगो केला की गं!” सई म्हणाली.

बरोबर बोलली. फक्त मारल्या गेलेल्यांपैकी एकही चेटकीण नव्हती. त्यांच्यावरचा आरोप गावानं नाकारला आणि आरोपाचं चित्र तेवढं ठेवून घेतलं. लोगो आहे तो आरोपाचा.

चार्टर स्ट्रीटवरचं कब्रस्तान गावातलं सगळ्यांत जुनं, १६३७ सालापासूनचं. दाराशी स्वयंसेवक उभे होते, आत फार गर्दी होऊ देत नव्हते. काळ्या-करड्या पाटीच्या दगडांच्या तिरक्या रांगा, आणि कितीतरी दगडांच्या माथ्यावर पंख फुटलेली कवटी. प्युरिटनांना चर्चमध्ये चित्र चालत नसे, मूर्ती चालत नसे. इंग्लंडच्या चर्चमध्ये पोपच्या काळातलं बरंच काही उरलं आहे, ते सारं धुऊन काढलं पाहिजे असं मानणारे हे कडवे लोक. नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड, असा कायदा त्यांनी १६५९ साली बोस्टनमध्ये केला होता. याच लोकांनी बोस्टनची वस्ती होऊन सहा वर्षं होतात न होतात तोच, १६३६ साली, हार्वर्ड कॉलेज काढलं, हेही विसरू नये. आपल्या मनातले काळ्या कपड्यांतले, हसू हरवलेले प्युरिटन बरेचसे एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी रंगवलेले आहेत, आणि त्यात हॉथॉर्नचा कुंचला मोठा. चित्रांना दारं बंद करणाऱ्या या माणसांना खुणांचं मात्र वेड होतं. धूमकेतू दिसला, गाय मेली, पोराला आकडी आली, की देव काय सांगतोय ते वाचायचं. सगळं जग म्हणजे देवानं लिहिलेला मजकूर, आणि मजकुराचा अर्थ एकच असणार.

त्या रांगांत जॉन हॅथॉर्नचा दगड आहे. १७१७ साली वारला. १६९२च्या खटल्यांत आरोपींची प्राथमिक चौकशी घेणारा हा दंडाधिकारी. चौकशीच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत आणि वाचताना अंगावर काटा येतो, कारण हॅथॉर्नच्या प्रश्नांत उत्तर आधीच बसलेलं असतं. तू या मुलांना छळतेस का, असं तो विचारत नाही; का छळतेस, असं विचारतो. नॅथॅनिएल हॉथॉर्न हा त्याचा खापरपणतू, म्हणजे थेट वंशातला, चार पिढ्या खालचा. तरुणपणी त्यानं आडनावात एक डब्ल्यू घातला. खापरपणजोबाशी नातं तोडायला घातला, असं प्रत्येक गाइड छातीठोकपणे सांगतो. हाही एका अक्षराचा एकच अर्थ!

कब्रस्तानाच्या भिंतीला लागून १९९२ साली उभारलेलं स्मारक आहे. तीन बाजूंना दगडी भिंत, आणि भिंतीतून बाहेर आलेले वीस ग्रॅनाइटचे बाक. प्रत्येकावर नाव, मृत्यूचा प्रकार, तारीख. एकोणीस जणांना फाशी, त्यात चौदा बायका. विसावा जाइल्स कोरी, ऐंशी ओलांडलेला शेतकरी. त्यानं खटल्याला तोंडच उघडलं नाही, म्हणून अंगावर दगड रचत रचत त्याला चिरडून मारलं. स्मारकात शिरताना पायांखाली दगडांत आरोपींचे शब्द कोरले आहेत, मी निर्दोष आहे अशा अर्थाचे, आणि ती वाक्यं भिंतीपाशी येऊन मध्येच तुटतात. भिंत वाक्यावर बसवली आहे. स्मारकं पाहून सहसा मला काही होत नाही, पण हे करणाऱ्यांना विषय कळला होता. बाकांवर लोकांनी फुलं, सफरचंदं, नाणी ठेवली होती. शेजारच्या गल्लीत तळलेल्या पिठाच्या चकत्यांचा घमघमाट.

या खटल्यांचं वर्म होतं पुराव्यात. आरोपी बाई आपल्या घरी झोपलेली असली तरी तिची छाया येऊन मला चिमटे काढते, गळा दाबते, असं पीडित मुलीनं सांगितलं, की तो पुरावा. छाया फक्त त्या मुलीला दिसणार. बाईनं हात हलवला आणि मुलगी किंचाळली, तोही पुरावा. आरोपी रडली नाही, पुरावा. प्रार्थना म्हणताना अडखळली, पुरावा. शेवटी बोस्टनच्या धर्मगुरूंनाच याची धास्ती वाटली. इन्क्रीज मॅदरनं छायेच्या पुराव्याविरुद्ध लिहिलं आणि गव्हर्नर फिप्सनं १६९२च्या ऑक्टोबरात ते खास न्यायालय मोडीत काढलं. सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशानं १६९७ साली भर चर्चमध्ये उभं राहून दोष पदरात घेतला. त्या वर्षी ज्यूरीतल्या माणसांनीही माफी मागितली. हॅथॉर्ननं नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला हॉथॉर्न वाचताना सारखी आठवते. ज्यांनी कबुली दिली, होय, मी चेटकीण आहे म्हटलं, त्यांना त्या वर्षी फाशी झाली नाही. ज्यांनी खोटं बोलायला नकार दिला, त्या फासावर गेल्या. या न्यायालयाला कबुलीची भूक होती आणि खरी-खोटी ते बघत नव्हतं.

आता ‘द स्कार्लेट लेटर’ची सुरुवात बघा. तान्हं मूल कडेवर घेतलेली हेस्टर प्रिन चबुतऱ्यावर उभी आहे, छातीवर लाल ‘ए’. सगळं बोस्टन खाली जमलंय. गव्हर्नर, धर्मगुरू, सगळे एकच मागतात: बापाचं नाव सांग. नाव सांगितलंस तर कदाचित अक्षर उतरेल. ती सांगत नाही. बाप तिथंच, सज्जात उभा आहे, रेव्हरंड डिम्सडेल, आणि तिनं कबुली द्यावी म्हणून गळा भरून आर्जव करणाऱ्यांत तो पुढं. तो पुढं सात वर्षं आतल्या आत कुजतो आणि शेवटी त्याच चबुतऱ्यावर चढून, सत्य सांगून मरतो. कादंबरीचा उपदेश, हॉथॉर्न स्वतःच सांगतो तो, असा की आपलं वाईट जगाला दिसू द्या. डिम्सडेलपुरता तो ठीक आहे. पण हेस्टरचं काय? कादंबरीतलं सगळ्यांत स्वच्छ कृत्य तिचं गप्प राहणं आहे. जाइल्स कोरीच्या बाकापाशी उभी असताना हे मला जितकं लख्ख दिसलं तितकं वर्गात कधी दिसलं नव्हतं. कबुली जिथं उकळून काढतात तिथं तोंड मिटून घेणं हाच माणसाच्या हातात उरलेला शेवटचा हक्क. हॉथॉर्नचा उपदेश एकीकडे जातो आणि त्याची नायिका दुसरीकडे. मी नायिकेच्या बाजूनं.

डर्बी स्ट्रीटवर, समुद्राकडे तोंड करून कस्टम हाउस उभं आहे. १८१९ची लाल विटांची इमारत, रुंद पायऱ्या, छपरावर सोनेरी गरुड. समोर डर्बी धक्का सरळ पाण्यात घुसलेला. एके काळी इथं सुमात्राची मिरी उतरायची. हॉथॉर्न १८४६ साली इथं सर्व्हेयर झाला तेव्हा बंदराला उतरती कळा लागली होती. मिऱ्यांच्या पोत्यांवर, सिगारच्या खोक्यांवर जकात भरल्याची खूण म्हणून त्याचं नाव ठोकलं जायचं. आपलं नाव पुस्तकांवरून नव्हे तर पोत्यांवरून जगभर पोचतंय, याची त्यानं मजेत थट्टा केली आहे. सरकार बदललं, १८४९च्या जूनमध्ये नोकरी गेली, जुलैअखेर आई गेली, आणि मॉल स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात बसून त्यानं ही कादंबरी लिहून काढली. शेवट बायकोला वाचून दाखवला तेव्हा तिचं डोकं इतकं दुखलं की ती अंथरुणावर जाऊन पडली. नवरा मात्र खूश झाला!

कादंबरीला कस्टम हाउसबद्दल एक लांबलचक प्रस्तावना आहे. विद्यार्थी ती हटकून वगळतात. तीत तो सांगतो, की माडीवरच्या धुळीत जोनाथन प्यू नावाच्या जुन्या सर्व्हेयरची कागदपत्रं सापडली, त्यांत जरीकाम केलेलं लाल कापड होतं, ‘ए’च्या आकाराचं. मोजलं तर प्रत्येक पाय बरोबर सव्वातीन इंचांचा. छातीला लावून पाहिलं तर तापल्या लोखंडाचा चटका बसल्यासारखं झालं. प्यू खरा होता, अठराव्या शतकात वारलेला. कापड मात्र निव्वळ थाप. पण माप इतकं नेमकं का दिलं असेल? मॅसॅच्युसेट्समध्ये असा कायदा खरंच झाला होता, १६९४ साली: व्यभिचाऱ्यानं अंगावरच्या कपड्यावर दोन इंचांचा ‘ए’ लावायचा. कादंबरी घडते १६४२ ते १६४९मध्ये, आणि तेव्हा तिथल्या कायद्यात व्यभिचाराला देहान्त होता. मेरी लॅथम ही पोरसवदा बायको आणि जेम्स ब्रिटन यांना १६४४ साली खरंच फाशी झाली. हॉथॉर्ननं अर्ध्या शतकानंतरची शिक्षा मागं ओढून आणली आणि अक्षर सव्वा इंचानं वाढवलं. कायद्याला पाहिजे होतं तेवढंच हेस्टरनं शिवलं असतं, तर ते कायद्याचं राहिलं असतं. तिनं ते जास्त मोठं केलं, सोन्याच्या धाग्यानं भरलं, आणि शिक्षा देणाऱ्यांना आपल्या हातचं काम बघायला लावलं. पुढं तेच हात गव्हर्नरांची कॉलरं आणि बाळांची टोपडी भरतात, आजाऱ्यांची उशी नीट करतात, आणि लोक म्हणू लागतात की हा ‘ए’ व्यभिचाराचा नसून तिच्या कर्तबगारीचा आहे. एका रात्री आकाशात उल्का लाल रेघ ओढून जाते. डिम्सडेलला त्यात स्वतःचं पाप दिसतं. त्याच रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप वारलेला असतो, आणि सकाळी चर्चचा सेवक सहज सांगून जातो की देवदूताचा ‘ए’ उमटला होता. शेवटी डिम्सडेल छाती उघडी टाकतो तेव्हा तिथं काय होतं? काहींनी अक्षर पाहिलं, काही म्हणाले कोरी कातडी होती. हॉथॉर्न निकाल देत नाही.

समीक्षक याला संदिग्धता म्हणतात आणि शैलीच्या खात्यात जमा करतात. सेलममध्ये दोन दिवस फिरल्यावर मी ती त्या खात्यातून काढली. ज्या घराण्यातल्या माणसानं फक्त एकालाच दिसणारी छाया पुरावा म्हणून मानली, त्या घराण्यातला हा लेखक प्रत्येक अद्भुत गोष्टीला चार साक्षीदार उभे करतो आणि चौघांना चार गोष्टी सांगायला लावतो. खापरपणजोबांच्या न्यायालयाविरुद्धचं ते अपील आहे.

गंमत म्हणजे पुस्तक निघाल्यावर सेलमकर चिडले ते हेस्टरच्या पापावर नाही; प्रस्तावनेत कस्टम हाउसमधल्या डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनांची टिंगल केली म्हणून. दुसऱ्या आवृत्तीत हॉथॉर्ननं नम्रपणे कळवलं की एक शब्दही बदलणार नाही.

तिथून चालत थोड्या अंतरावर हॉथॉर्नच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरीतलं ते सात गेबलांचं घर. उतरत्या छपराच्या टोकाला भिंतीचा जो त्रिकोण तयार होतो तो गेबल. १६६८ साली जॉन टर्नर या जहाजमालकानं बांधलेलं काळपट लाकडी घर, मागं बाग, बागेमागं समुद्र. हॉथॉर्नची नातेवाईक सुझाना इंगरसॉल इथं राहायची, त्याचं येणंजाणं असे. पण तो यायचा तेव्हा घराला तीनच गेबल उरले होते. बाकीचे आधीच्या मालकांनी काढून टाकलेले. १९०८ साली कॅरोलाइन एमर्टन या बाईंनी घर विकत घेतलं आणि वास्तुशिल्पी लावून गेबल परत चढवले. एवढ्यावर थांबल्या नाहीत. कादंबरीतली हेप्झिबा घरात किडुकमिडुकाचं दुकान मांडते, तर ते दुकान घराला जोडलं. चिमणीच्या पोटातून जाणारा एक चोरजिनाही बसवला. मी कसाबसा चढले, सईला पाठीवरची पिशवी काढून हातात घ्यावी लागली. १९५८ साली हॉथॉर्नचा जन्म झाला ते घरही युनियन स्ट्रीटवरून उचलून याच आवारात आणून ठेवलं.

नाक मुरडावं असं बरंच आहे इथं. पण एमर्टनबाईंनी हा सगळा उद्योग केला तो तिकिटाच्या पैशांतून परदेशातून आलेल्या गरीब कामगारांना इंग्रजी आणि हातकाम शिकवायला, आणि ती संस्था आजही स्थलांतरितांसाठी काम करते. ज्या कादंबरीत कर्नल पिंचन चेटकाचा आळ घेऊन गरिबाची जमीन लाटतो, त्याच कादंबरीच्या नावावर हे चाललं आहे. घर खोटं असलं तरी काम खरं आहे. मी दुकानातून चहाचा मग घेतला.

वॉशिंग्टन स्ट्रीटवर टॅबरनॅकल चर्च लागलं तेव्हा मात्र मी सईला थांबवलं. इमारत विसाव्या शतकातली, बघण्यासारखं फारसं काही नाही. पण या चर्चच्या जुन्या वास्तूत ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, अमेरिकेनं परदेशी धाडलेले पहिले मिशनरी. प्युरिटनांच्या चर्चचे वारस म्हणजे काँग्रिगेशनल पंथ. हे त्यांचे लोक. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. त्याच मिशननं शाळा काढल्या, छापखाना घातला, १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. त्याच मिशनमध्ये १८९५ साली कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. दीक्षेचा तो समारंभ झाला तेव्हा सात वर्षांचा हॉथॉर्न याच गावात राहत होता.

“म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांच्यातल्या?” सईनं विचारलं.

“यांच्या वंशावळीतल्या म्हण हवं तर,” मी म्हटलं. आणि मग आम्ही दोघी हसलो, कारण सोवळ्याओवळ्यापासून नवऱ्याच्या विसरभोळेपणापर्यंत, स्वतःच्या धांदरटपणासकट, माणसातल्या यच्चयावत उणिवांवर इतकं दिलखुलास हसणारं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’सारखं दुसरं पुस्तक मराठीत नाही. प्युरिटनांच्या झाडाला हे फळ लागेल असं कोणाला वाटलं असतं?

दुसऱ्या दिवशी मोटारीनं डॅनव्हर्सला गेलो. खटल्यांचं मूळ गाव हे. तेव्हाचं नाव सेलम व्हिलेज. १७५२ साली नाव बदललं आणि गाव सुटलं, पर्यटकही सुटले. दुकानांच्या रांगा आणि सिग्नल ओलांडून गेलं की अचानक शेत लागतं, आणि शेताच्या टोकाला रेबेका नर्सचं घर. एकाहत्तर वर्षांची, आठ लेकरांची आई, देवभीरू म्हणून नावाजलेली. ज्यूरीनं तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. कोर्टात आरडाओरडा झाला. मुख्य न्यायाधीश स्टाउटननं तिच्या तोंडून निसटलेल्या एका वाक्याकडे ज्यूरीचं लक्ष वेधलं. ज्यूरीनं तिला त्या वाक्याचा अर्थ विचारला. ती काहीच बोलली नाही, कारण तिला कमी ऐकू यायचं आणि प्रश्न कानावर पडलाच नव्हता. ज्यूरी पुन्हा आत गेली आणि दोषी म्हणून बाहेर आली. १९ जुलैला फाशी. म्हातारपणाचं बहिरेपण, आणि त्याचा अर्थ लावला गेला अपराध.

हॉथॉर्नची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही १८३५ची कथा याच परिसरातली. नवं लग्न झालेला तरुण एका रात्री बायकोला, फेथला, घरी ठेवून जंगलात जातो. वाटेत सापासारखी काठी घेतलेला गृहस्थ भेटतो. पुढं जंगलाच्या पोटात सैतानाची सभा, आणि सभेला गावातले झाडून सगळे सज्जन: धर्मगुरू, डीकन, धर्मपाठ शिकवणारी म्हातारी. तिचं नाव गुडी क्लॉइस. रेबेका नर्सच्या खऱ्याखुऱ्या बहिणीचं आडनाव. वरून बायकोच्या टोपीची गुलाबी रिबीन तरंगत येते. सकाळी तो गावात परततो, सगळं जिथल्या तिथं. स्वप्न होतं की खरं, हॉथॉर्न सांगत नाही. ब्राउन मात्र उरलेलं आयुष्य कोणावरही विश्वास न टाकता, घुमा होऊन काढतो. लोकांत खोट असते या शोधानं त्याचा नाश होत नाही. खोट असलेल्या माणसांत बसून जेवणं त्याला जमत नाही, म्हणून होतो. हॉथॉर्नची खरी खलनायक माणसं अशीच असतात, निर्मळाचा हट्ट धरणारी. जंगल शोधायला आम्ही थोडं हिंडलो. मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल होती आणि पलीकडून हायवेचा आवाज येत होता. सैतानाला आता पार्किंग मिळणार नाही.

बोस्टनमध्ये ट्रेमाँट स्ट्रीटवर किंग्ज चॅपलचं कब्रस्तान आहे, विन्थ्रॉप इथंच पुरलेला. हेस्टर आणि डिम्सडेल यांच्यासाठी कादंबरीच्या शेवटी दोघांत मिळून एकच दगड उभा राहतो, तो याच जागी. १७०४ साली वारलेल्या एलिझाबेथ पेन हिच्या दगडावर ढालीची नक्षी आहे आणि गाइड सांगतात, हाच तो ‘ए’. हॉथॉर्ननं त्यावरून घेतलं याला पुरावा नाही. मी बघत राहिले, तर दिसलाही. बघत राहिलं की दिसतोच. हाच तर घोटाळा आहे.

पाच मिनिटांवर ओल्ड कॉर्नर बुकस्टोअर. १७१८ची इमारत, एके काळी इथं टिकनॉर आणि फील्ड्स यांची प्रकाशनसंस्था होती. १६ मार्च १८५० रोजी त्यांनी ‘द स्कार्लेट लेटर’ काढली आणि अडीच हजार प्रती दहा दिवसांत संपल्या. आता खाली मेक्सिकन पोळीत भात-राजमा गुंडाळून देणारं दुकान आहे; आम्ही तिथंच जेवलो. या इमारतीच्या आधी याच जागेवर ॲन हचिन्सनचं घर होतं. बायकांना घरी जमवून धर्मावर बोलायची, धर्मगुरूंच्या चुका काढायची, म्हणून १६३७ साली तिच्यावर खटला झाला आणि पुढच्या वर्षी हद्दपारी. कादंबरीतलं तुरुंगाच्या दारातलं गुलाबाचं झुडूप तिच्या पावलांतून उगवलं असावं, असं हॉथॉर्न सुचवतो आणि, सवयीप्रमाणे, खात्री देत नाही.

“पण हेस्टर परत का येते?” सईनं जेवताना विचारलं. युरोपात पोरीपाशी सुखात राहता आलं असतं, कोणी मागितलेलं नसताना तेच अक्षर लावून त्याच गावात का मरायचं? वर्गात हा प्रश्न मुलीच विचारायच्या, आणि रागानं. मला वाटतं, ते अक्षर आता न्यायालयाचं राहिलेलं नव्हतं. दुखावलेल्या बायका सल्ल्यासाठी तिच्याच दारी येत होत्या, गव्हर्नरांच्या नाही. सईला हे पटलं नाही. तिच्या मते हॉथॉर्नला तिला मोकळी सोडायची छाती झाली नाही. असेलही. त्याची धाकटी मुलगी रोझ पुढं कॅथलिक नन झाली, असाध्य कर्करोगाच्या गरीब रुग्णांची सेवा करत तिनं आयुष्य काढलं, आणि तिला संतपद देण्याची प्रक्रिया सुरू आहे. विन्थ्रॉपसोबत आलेल्या विल्यम हॅथॉर्नच्या, म्हणजे त्या दंडाधिकाऱ्याच्या बापाच्या, वंशात पोपची साध्वी निपजली. कोणतंही घराणं काय किंवा अक्षर काय, ठरवून दिलेल्या अर्थावर थांबत नाही.

शेवटी स्टेट हाउस पाहिलं. सोनेरी घुमटाच्या इमारतीसमोर दोन बायकांचे पुतळे आहेत: ॲन हचिन्सन, आणि १६६० साली याच गावात फासावर चढवलेली क्वेकर पंथाची मेरी डायर. हचिन्सनची हद्दपारी १९८७ साली रद्द झाली, मरून साडेतीनशे वर्षं होत आली तेव्हा. चेटकाच्या खटल्यांतली एलिझाबेथ जॉन्सन मात्र त्यानंतरही कागदोपत्री दोषीच राहिली. अँडोव्हरची, बाविशीतली. आजोबा धर्मगुरू, आणि नात जरा भोळसटच आहे असं त्यांनीच लिहून दिलेलं. तिनं कबुली दिली होती. १६९३च्या जानेवारीत देहान्ताची शिक्षा झाली आणि गव्हर्नरनं ती थांबवली. मूलबाळ नसल्यामुळे तिच्या नावासाठी अर्ज करायला मागं कोणी उरलं नाही. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला ते काम हाती घेतलं, आणि २०२२च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्सनं कायदा करून तिला दोषमुक्त केलं.